केसांना दोष देण्याआधी बादली बघा

मागच्या वर्षी माझी रूममेट पुण्याला मावशीकडं दहा दिवस राहून परत आली, तेव्हा तिचे केस बघून आख्खी खोली चाट पडली. एरवी वेणीतून बाहेर पळणारे, कंगव्याला दाद न देणारे तिचे केस चक्क खांद्यावर शांत बसले होते. "काय लावलंस गं?" आम्ही तिघी तिच्यावर तुटून पडलो. ती म्हणाली, "काहीच नाही. तीच पुडी, तेच खोबरेल." आमचा विश्वास बसला नाही. पण आठवडाभरात आमच्या होस्टेलच्या पाण्यानं तिनं तीनदा केस धुतले आणि परत जैसे थे. वर्गातल्या एका महाभागानं विचारलंच, "काय गं, शॉक बसला का?"

गंमत पुढं आहे. पुरावा डोळ्यांसमोर असूनही तिनं काढलेला निष्कर्ष असा : "माझे केसच खराब आहेत. स्मूदनिंग करून टाकते." चुलत बहिणीच्या लग्नासाठी साठवलेले चार हजार रुपये त्या महिन्यात पार्लरमध्ये गेले. शॅम्पू तोच, डोकं तेच, बदललं होतं फक्त पाणी. पण पाण्यावर संशय घ्यायचं तिला सुचलं नाही आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नाही.

धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा, परांडा, कुठल्याही गावच्या होस्टेलवर जा, ही गोष्ट थोड्याफार फरकानं ऐकायला मिळेल. केस झाडूवानी झालेत, चिमणीचं घरटं झालंय, हे आपण एकमेकींना रोज ऐकवतो. मुलंही यातून सुटलेली नाहीत. ती फक्त बोलून दाखवत नाहीत, गुपचूप जेल थापतात. आणि प्रत्येक जण मनाशी एकच समजूत करून घेतो की, आपल्यातच काहीतरी कमी आहे. माझं म्हणणं साधं आहे : केसांवर पैसे आणि अश्रू खर्च करण्याआधी एकदा न्हाणीघरातली बादली बघा. तिच्या कडेला पांढरं कडं साचलंय का?

डाळ शिजत नाही ते पाणी

आपल्याकडच्या बायकांना हे पाणी प्रयोगशाळेशिवाय ओळखता येतं. "या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. हंड्यात पांढरा थर बसतो, हीटरच्या कॉईलवर खपली धरते, साबण कितीही घासला तरी फेस येत नाही. शाळेच्या पुस्तकात याच पाण्याला 'दुष्फेन' पाणी म्हटलं होतं. आपण ते परीक्षेपुरतं पाठ केलं आणि त्याच पाण्यानं न्हात राहिलो.

हे पाणी असं का? आपला जिल्हा बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या थरांवर बसलेला आहे. पाऊस कमी, तोही बेभरवशाचा. जमिनीत मुरलेलं पाणी खडकाच्या भेगांमधून झिरपताना त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेतं. सगळीकडचं पाणी सारखं नसतं. एकाच गावात आडाचं पाणी गोड आणि शेजारच्या बोअरचं मचूळ, असंही असतं. धरणाचं पाणी मिळणाऱ्या भागात त्रास कमी जाणवतो. पण ज्या होस्टेलांची, खोल्यांची सगळी मदार बोअरवर आणि टँकरवर आहे, तिथं टँकर कुठून भरून आला यावर आपल्या डोक्याचं नशीब ठरतं.

आकडाच हवा असेल तर तोही आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पाण्याची एकूण कठीणता लिटरमागं २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरं पाणीच उपलब्ध नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. हे मानक पिण्यासाठीचं आहे, केसांसाठीचं नाही. म्हणजे कागदावर 'चालेल' असं ठरलेलं पाणीही फेस अडवणारं, कडं धरणारं असू शकतं.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत जारचं किंवा पावसाचं. दोन्हींत आंघोळीच्या साबणाचा नखाएवढा चुरा टाका आणि सारखं हलवा. एकीत फेस वर येईल, दुसरीत पाणी गढूळ होऊन पांढरट साका तरंगेल. हा साका म्हणजे साबण आणि कॅल्शियम यांचं न विरघळणारं लग्न. साबणानं डोकं धुणाऱ्याच्या केसांवर हाच साका जाऊन बसतो. शॅम्पूतले फेसकारक पदार्थ साबणाइतके फसत नाहीत, पण क्षार केसांना चिकटायचे ते चिकटतातच.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कठीण पाण्यानं केस कमकुवत होतात का, यावर संशोधकांचं एकमत नाही. २०१३ साली भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी केस कठीण पाण्यात आणि शुद्ध पाण्यात बुडवून ताणून बघितले, त्यांना ताकदीत लक्षणीय फरक आढळला नाही. २०१८ साली पाकिस्तानातल्या अशाच अभ्यासात मात्र कठीण पाण्यातल्या केसांची ताकद कमी भरली. त्यामुळं "बोअरच्या पाण्यानं टक्कल पडतं" असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर लगेच मान डोलावू नका. पण केस तुटणं वेगळं आणि केस राठ लागणं वेगळं. पृष्ठभागावर क्षारांची पूड बसली की केस हाताला खरखरीत लागतात, चमक जाते, एकात एक अडकतात. आपलं रडगाणं मुख्यतः हेच आहे.

एका केसाची गोष्ट

केस सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर तो कौलारू छपरासारखा दिसतो. एकावर एक रचलेली बारीक कौलं, त्यांची तोंडं टोकाकडं. कौलं नीट मिटलेली असली की उजेड सरळ परत येतो, केस चमकतो, शेजारच्या केसावरून घसरतो. कौलं उचकटली की केस शेजाऱ्याला धरतो. त्यालाच आपण गुंता म्हणतो. उचकटलेल्या कौलांमधून हवेतला ओलावा आत-बाहेर करतो आणि केस फुगतो.

केसाचं आणि ओलाव्याचं हे नातं इतकं पक्कं आहे की, १७८३ साली सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञानं माणसाचा केस ताणून बसवून हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र बनवलं होतं. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. पहिला पाऊस पडला की आरशात बघून आपण किंचाळतो, तेव्हा आपलं डोकं तेच काम करत असतं, फुकटात.

कौलं उचकटतात कशानं? उन्हानं, धुळीनं, टॉवेलनं खसाखसा पुसण्यानं, अल्कधर्मी साबणानं, खायच्या सोड्याच्या घरगुती उपायानं, ब्लीच आणि रंगानं आणि सगळ्यात जास्त स्ट्रेटनरच्या तापलेल्या पट्ट्यांनी. त्यातही केस ओले असताना पट्ट्या फिरवल्या तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात अक्षरशः बुडबुडे तयार होतात. तो केस मग कुठल्याही क्रीमनं जोडला जात नाही. केस ही मेलेली पेशी आहे, त्याला जखम भरून काढता येत नाही. म्हणून 'केस मुळापासून रिपेअर' असं पुडीवर वाचलं की हसून पुढं जायचं. दुरुस्ती नसते, फक्त जपणूक असते.

आणि एक निरीक्षण. आपल्यातल्या बऱ्याच जणींचे केस मुळात राठ नसतातच, ते लाटांचे किंवा कुरळे असतात. अशा केसांतून कोरडेपणी बारीक दातांचा कंगवा दहादा फिरवला की प्रत्येक लाट विस्कटते आणि जे उरतं त्याला आपण 'फ्रिझी' म्हणतो. जाहिरातीत केस म्हणजे धबधबा, तोही सरळ कोसळणारा. त्या धबधब्याच्या मापानं स्वतःला मोजलं तर निम्म्या महाराष्ट्राचे केस खराब ठरतील.

सरळ केसांची किंमत

आता त्या चार हजारांकडं वळू. माझ्या रूममेटसोबत मी पार्लरमध्ये बसले होते. क्रीम लावून पट्ट्या फिरायला लागल्या तसा खोलीत असा वास पसरला की दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं, घसा खवखवला. खिडकी बंद होती. "असं होतंच, सुंदर दिसायचं तर थोडं सोसायचं," असं उत्तर मिळालं. बाटलीवर काय लिहिलंय हे दोघींनीही वाचलं नव्हतं. आम्ही विज्ञान शाखेच्या विद्यार्थिनी, बरं का!

केराटिन किंवा स्मूदनिंगच्या काही उत्पादनांत फॉर्मल्डिहाइड असतं किंवा तापवल्यावर ते बाहेर पडतं. जीवशास्त्राच्या लॅबमध्ये बेडूक ठेवलेल्या बरणीचा तो वास आठवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. डोळ्यांची आग हा शरीरानं दिलेला इशारा असतो. तो सोसायचा नसतो, उठून बाहेर यायचं असतं. आणि आपण एकदा जाऊन येतो. तिथं काम करणारी मुलगी मात्र ती हवा रोज घेते, हेही लक्षात असू द्या.

मग बाटलीवर 'फॉर्मल्डिहाइड-फ्री' लिहिलं की झालं? नाही. त्याच्याऐवजी काही उत्पादनांत ग्लायॉक्सिलिक अॅसिड वापरतात. २०२४ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एका तरुणीची केस छापून आली. तीन वेगवेगळ्या वर्षी केस सरळ करून घेतल्यावर तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली होती. डॉक्टरांनी तेच क्रीम उंदरांवर लावून बघितलं, तर त्यांच्या मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडे सापडले. इस्राएलमधल्या डॉक्टरांनीही केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंडाला इजा झालेल्या अनेक रुग्णांची नोंद केली आहे. अमेरिकेत ३३ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात (२०२२) केस सरळ करणारी रसायनं वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण ४.०५ टक्के, तर कधीच न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के असल्याचा अंदाज निघाला. हा संबंध आहे, सिद्ध झालेलं कारण नव्हे. एकदा पार्लरला गेलात म्हणून घाबरून झोप उडवायची गरज नाही. पण 'लग्न आहे, करून टाकू' इतक्या सहज घ्यायची ही गोष्ट नाही, एवढं तरी मान्य करू.

शिवाय हिशोब करा. केस मुळापासून वाढतात ते जुन्याच वळणाचे. पाच-सहा महिन्यांनी वरचे केस कुरळे, खालचे सरळ अशी गंमत दिसायला लागते आणि परत पार्लर. खोलीला पाणी तेच, त्यामुळं केलेलं काम टिकत नाही. वर्षाला आठ हजार. मेसचं बिल किती महिन्यांचं होतं?

जट आणि जाहिरात

आपल्या भागात केसांची आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडं आपण कॉलेजवाले 'ते जुन्या लोकांचं' म्हणून बघतो. जट. तुळजापूरच्या यात्रेत, गावच्या देवळाच्या पायरीवर, क्वचित आपल्याच नात्यात एखाद्या बाईच्या डोक्यात जट दिसते. केस फार दिवस नीट धुतले-विंचरले नाहीत, गुंता सोडवला नाही, की त्यात मळ, घाम, तेल साचून तो घट्ट होत जातो. मग कुणीतरी म्हणतं, देवीचं बोलावणं आलं. त्यानंतर कात्री लावायची चोरी. मानेला ओझं, डोक्याला खाज, दुर्गंधी, उवा, आणि कुणी जवळ बसेना. काही मुलींचं तर आख्खं आयुष्य त्या गुंत्यानं देवाच्या नावावर ओढून नेलं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं घरोघरी जाऊन समजूत घालतात आणि जट सोडवतात. नंदिनी जाधव यांनी तर अशा कितीतरी बायकांची मान हलकी केली आहे. कात्री चालते दहा मिनिटं, समजूत घालायला कधीकधी महिने लागतात.

हे इथं आठवायचं कारण असं की, दोन्हीकडं चूक एकच आहे. केसांच्या गुंत्याला साधं, हाताला लागणारं कारण असतं. ते न शोधता तिथं देवीचा कोप बघितला गेला आणि इथं आपण स्वतःचा दोष बघतो. त्या बाईला सांगितलं गेलं, हात लावू नकोस. आपल्याला सांगितलं जातं, पैसे टाक. आपण शिकलेले आहोत, तर आपल्याकडून निदान 'कारण काय?' एवढा प्रश्न तरी अपेक्षित आहे.

बादलीपासून सुरुवात

ठीक आहे, मग करायचं काय? मी जे करते आणि ज्यामागचं कारण मला पटलंय तेवढंच सांगते.

पहिलं म्हणजे शेवटचा तांब्या बदला. आख्खं न्हाणं जारच्या पाण्यानं करायची चैन आपल्याला परवडत नाही आणि शोभतही नाही. न्हाणं बोअरच्याच पाण्यानं करा, पण शेवटी एक-दीड लिटर जारचं पाणी केसांवरून ओता. दोन रुपयांच्या आत काम होतं. तेही नको असेल तर मग्गाभर पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस गाळून टाका, केसांवरून ओता, मिनिटभर थांबून साध्या पाण्यानं धुवा. लिंबातलं आम्ल क्षारांना धरून सोडवतं आणि उचकटलेली कौलं मिटायला मदत करतं. आठवड्यातून एकदा पुरे. डोक्यात जखम असेल तर नको आणि लिंबू लावून उन्हात बसणं तर अजिबात नको, त्वचा भाजल्यासारखी होते. एक चूक बऱ्याच जणी करतात : होस्टेलच्या आरओ मशीनच्या नळीतून वाया जाणारं पाणी 'आरओचं' म्हणून केसांना वापरतात. ते उलटं आहे. मशीननं काढून टाकलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. ते फरशी पुसायला ठेवा.

पावसाळ्यात तर लॉटरीच. माझी आजी पत्र्याच्या पन्हाळाखाली घंगाळ लावायची. पहिल्या दोन पावसांनी पत्रा धुऊन निघाला की पुढचं पागोळ्याचं पाणी ती न्हायला ठेवायची. "ह्या पाण्यानं शिकेकाई कमी लागती," असं म्हणायची. तिला दुष्फेन हा शब्द माहीत नव्हता, अर्थ पुरता माहीत होता.

दुसरं, तेल धुण्याआधी. खोबरेल न्हाण्याच्या अर्धा-एक तास आधी किंवा आदल्या रात्री लावा, तेही चमचा-दोन चमचे, थापून नाही. २००३ साली आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑईल यांची तुलना केली. त्यात केसातली प्रथिनं धुऊन जाणं फक्त खोबरेलानं लक्षणीय कमी झालं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकतं. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीतलेच होते, तेव्हा मीठ लावूनच वाचा. पण त्यामागचं रसायनशास्त्र पटण्यासारखं आहे. मात्र तेल लावून तसंच दिवसभर एसटीच्या खिडकीत बसलात तर धूळ चिकटून फायद्याचा तोटा होईल.

तिसरं, शॅम्पू टाळूला आणि कंडिशनर टोकांना. मळ असतो तो टाळूवर. पुडी मग्ग्यात थोड्या पाण्यात कालवा आणि मुळांना चोळा. खाली ओघळणारा फेस केसांच्या लांबीला पुरतो. नंतर कंडिशनर कानाच्या खालच्या केसांना लावून दोन मिनिटं ठेवा. खराब झालेल्या केसावर ऋण भार असतो, कंडिशनरमध्ये धन भार, म्हणून जिथं इजा जास्त तिथं तो जास्त चिकटतो. रूक्ष केसांसाठी पार्लरच्या क्रीमपेक्षा ही दोन-चार रुपयांची पुडी जास्त इमानदार आहे. अंगाचा किंवा कपड्याचा साबण मात्र डोक्याला नको. मुलांनो, हे वाक्य खास तुमच्यासाठी.

चौथं, टॉवेलनं झटकायचं बंद करा. आजोबांचा जुना सुती पंचा किंवा मऊ झालेला टी-शर्ट घ्या, केस त्यात गुंडाळून पाणी टिपा. मोठ्या दातांच्या कंगव्यानं आधी टोकं, मग मधला भाग, मग वरून खाली. कुरळे केस असतील तर कंडिशनर लावलेला असतानाच विंचरा आणि वाळल्यावर कंगव्याला सुट्टी द्या. गाडीवरून किंवा एसटीतून येताना सैल वेणी घाला, वरून स्कार्फ. वेणी ही जुनाट फॅशन नाही, वाऱ्यापासून केलेला बंदोबस्त आहे.

पाचवं आपल्या शिवारातलं : जवस. चटणीचा जवस दोन चमचे घ्या, दोन कप पाण्यात उकळा, पाणी अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखं ओघळायला लागलं की गरम असतानाच सुती कापडातून गाळा. थंड झाल्यावर ओलसर केसांना हलका हात फिरवा. हा बुळबुळीत थर केसांवर पातळ चादर घालतो आणि फुगा बसवतो. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, खोलीवर दुसऱ्या दिवशी टाकून द्या. भिजवलेली मेथी, कोरफड यांचंही काम साधारण असंच. जादू नाही, पुढच्या न्हाण्यापर्यंतची सोय आहे.

आणि हे सगळं करूनही केस मूठ-मूठ गळत असतील, थकवा येत असेल, पाळीत बदल असेल, तर केसांचा व्हिडिओ बघू नका, सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासा. देशात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळतो, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानं दाखवलं आहे. लोह कमी असलं, थायरॉइड बिघडलं तरी पहिली तक्रार केसच करतात.

"प्यायला पाणी नाही अन् केसांचं काय घेऊन बसलीस?"

हा प्रश्न मला घरातूनच विचारला गेला. बरोबरच आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण शाळेत असताना बघितलंय. अशा भागात केसांची चमक ही काय गोष्ट झाली?

माझं उत्तर असं की, केस हे निमित्त आहे. २०२५ च्या जानेवारीत बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस दोन-चार दिवसांत गळून टक्कल पडायला लागलं, तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला, शॅम्पूवर गेला. नमुने घेतले गेले, दिल्लीहून तज्ज्ञ आले. पुढं विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हाची तपासणी करून त्यात सेलेनियमचं प्रमाण फार जास्त आढळल्याचं सांगितलं. म्हणजे डोक्यावरचा केस ताटातल्या पोळीची खबर देत होता. माझ्या मते यातून दोन धडे आहेत. शरीराची बारीक तक्रार हसण्यावारी नेऊ नये. आणि तपासणीशिवाय कशालाही, अगदी पाण्यालाही, गुन्हेगार ठरवू नये.

म्हणून माझी मागणी शॅम्पूची नाही, कागदाची आहे. प्रत्येक कॉलेजच्या आणि होस्टेलच्या नोटीस बोर्डावर वर्षातून दोनदा, उन्हाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, पाण्याच्या तपासणीचा अहवाल लागला पाहिजे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा याच कामासाठी आहेत. रसायनशास्त्राच्या विभागात कठीणता मोजायचं प्रात्यक्षिक आपण दरवर्षी करतोच. बाटलीतल्या तयार द्रावणाऐवजी होस्टेलच्या नळाचं पाणी घ्या की! त्याच अहवालात नायट्रेट आणि फ्लोराइडचे आकडेही येतील, जे केसांपेक्षा फार महत्त्वाचे आहेत. कठीणता जास्त निघाली तर शंभर मुलींनी शंभर वेगवेगळी क्रीमं घेण्यापेक्षा टाकीला एक सॉफ्टनर बसवणं स्वस्त पडतं. तो मिठाच्या जोरावर कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो. ते पाणी धुण्या-न्हाण्यासाठी, पिण्याचं वेगळं. होस्टेलची फी भरताना आपण पंखा चालतो का, गादी आहे का हे बघतो. पाणी कसलं आहे, हेही विचारायला शिकू या.

माझ्या रूममेटचे केस आता परत लाटांचे झालेत. सरळ भाग तिनं हळूहळू कापून टाकला. शेवटचा तांब्या जारचा, खाली सैल वेणी, आणि पावसाळ्यात आमच्या खोलीच्या खिडकीखाली एक बादली. मागच्या आठवड्यात ज्युनिअरपैकी एकीनं तिला विचारलं, "ताई, माझे केस लईच खराब आहेत, कुठलं पार्लर चांगलंय?"

ती म्हणाली, "आधी तुझी बादली दाखव."